घटातला हरभरा

हात नका लावू तिले, हैदरभाऊ — वाजते ते, अन् एकदा वाजली का अर्ध्या जानेफळले समजते दुकानात कोणी आलं म्हणून. हाव, गायीचीच घंटी आहे. एवढी मोठी कशी? — सगळे हेच इचारते. एवढाल्या घंट्या गळ्यात बांधून तिथल्या गायी डोंगरावरून उतरते, खरं सांगते, माह्या डोळ्यानं पाह्यलं. अन् आता ही इथी काउंटरच्या वर लटकून राह्यली. हे म्हणते, गिऱ्हाइकावर इम्प्रेशन पडते. पडू द्या बाप्पा. माह्या तं डोक्यात जाते. बसा न, उभे काऊन? खुर्ची ओढा ते. हे मेहकरले गेले बँकेच्या कामानं, येतीनच आता — ते आले का देतीन तुमाले हरभरा, हरभरा कुठी पळून चालला? गोदाम भरून पडलं आहे वरपर्यंत. अन् घरी गुलनार कशी आहे? गुडघा दुखते का अजून? म्यां देल्लं होतं ते तेल लावते का नुसतं फळीवर ठेवलं?

हाव हाव, वाफसा आहे, मले काय समजत नाही? मी काय पुण्याची आहे? सोयाबीन पाण्यात गेलं, आता हरभऱ्यावरच सगळं साल आहे, अन् वाफसा उतरला का मंग वावर दगड होऊन बसते — समजते सगळं. पण घडीभर बसाल तं काय होते? चहा मांडू? नको? बरं राह्यलं. काय म्हणता — टूर कशी झाली? घ्या. तुम्ही बी इचारलंच. सगळं गाव इचारते अन् मी सगळ्याइले सांगते, लय मस्त झाली, लय मस्त. तुमाले खरं सांगू? थू.

ते फ्लेक्स पाह्यलं न स्टँडवरचं? — ‘गोकुळसेठ यांचे परदेश दौऱ्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ — ह्याइचा कोट घातलेला फोटू, मांगं बर्फाचा डोंगर, अन् मी बाजूले, अर्धी कापलेली, एक कान अन् एक डोळा. तो डोंगर तेवढा खरा आहे. लोक म्हणते, गोकुळसेठले कंपनीनं फुकट नेलं. फुकट! कंपनी काय ह्याइची मावशी आहे? त्याइनं सांगतलं होतं, रब्बीचा एवढा माल उचला, एकदम उचला, एकबी बॅग परत घेणार नाही, अन् मंग जोडीनं फॉरेनले चला. ह्याइनं उचलला. म्यां म्हटलं, अहो, एवढा हरभरा कोण घेईन? तं म्हणे, तू तुही सुटकेस भर. म्हणून तं गोदामात पाऊल ठेवाले जागा नाही. बरं, ते जाऊ द्या. अन् नेलं ते तरी कुठी? सांगतलं स्वित्झर्लंड. फ्लेक्सवर बी तेच छापलं. राहाले ठेवलं बाजूच्या ऑस्ट्रियात — तिथी खोल्या स्वस्त पडते म्हणे — अन् रोज सकाळी बसमधी कोंबून स्वित्झर्लंड दाखवाले नेत. हा पाहा डोंगर, हे पाहा तळं, हे घ्या चॉकलेट, चला बसमधी. लोणार दाखवतो म्हणाव अन् मेहकरात झोपवाव, असा कारभार. पण गावात सांगाचं नाही हं. गावात स्वित्झर्लंड.

अन् सोबत कोण, तं सगळ्या जिल्ह्याइतले आमच्यासारखे बियाणं-खतवाले, अन् त्याइच्या बायका. देवा रे देवा. बस सुरू झाली का मांगच्या शिटावर बाटल्या निंगत, सकाळच्याच. बाहेर अशी हिरवी दरी, लाकडाचे घरं, खिडक्याखिडक्याइले फुलं, वर पांढरा डोंगर — अन् आत ढोल्या माणसाइचे पोटं हालून राह्यले गाण्यावर. कोणी बाहेर पाहेच ना. पाह्यलं तरी मोबाइलातून. एकानं हॉटेलातले टॉवेल बॅगेत घातले, दुसऱ्यानं पाणी गरम कराची किटली घातली, अन् मंग दोघं भांडले, तुही चांगली का माही चांगली. समता नावाची एक पुण्याची पोट्टी होती, टूर मॅनेजर. ते बिचारी हात जोडे — ‘काका, प्लीज, काका, इथे असं चालत नाही.’ काका कुठले ऐकते? कुरणापाशी बस थांबली का काका ओळीनं उभे — तुमाले समजलं न, कशासाठी — अन् तिथून पोरंबाळं शाळेत जाऊन राह्यले सायकलीवर! मले इतकी घिन आली, हैदरभाऊ, इतकी घिन, वाटलं डोक्यावर पदर घ्यावा अन् सरळ त्या गायीइत जाऊन बसावं. त्याइले तरी समजते कुठी काय कराचं.

जेवणाचं तं नावच नका काढू. कंपनीच्या सायबानं एक दिवस तिथलं खास जेवण म्हणून वितळवलेलं चीज मांडलं. एकच भांडं. अन् सगळ्याइनं आपआपला पाव काडीले टोचून त्याच्यात बुडवाचा. एकाचा तोंडात जाऊन आलेला पाव पुन्हा त्याच्यातच! अन् वास? दिवसभर बुटात राह्यलेल्या मोज्याचा. बायाइनं एका हातानं नाक दाबलं अन् एका हातानं फोटू काढले, अन् तेच फोटू गावाकडे धाडले — यम्मी यम्मी. संडासाचं सांगत नाही तुमाले. नुसता कागद. माणूस आहे का वही आहे, पुसाले? प्रत्येक बाई पर्समधी पाण्याची बाटली घेऊन फिरे, अन् एकमेकीले म्हणत, ‘तहान लागते बाई, थंडीत लय तहान लागते.’

पण एक चांगलं झालं. हॉटेलात जागा कमी पडली म्हणून आमच्यासारख्या दोन-चार जोड्या बाजूच्या एका कास्तकाराच्या घरी ठेवल्या. वर खोल्या, खालती गोठा. घर एका म्हातारीचं. नाव सांगतलं होतं तिनं, माह्या जिभेवर काही बसलं नाही, मी तिले माय म्हणो. सकाळी उजाडाच्या आत शेण काढे, दूध काढे, अन् मंग आमच्या चादरी बदलाले वर येये. एक दिवस सायबानं सगळ्या डीलरइले आणलं, गोठा पाहाले — अभ्यास दौरा लिहिला होता न कागदावर. तं हे आमचे बियाणंवाले नाकाले रुमाल लावून उभे! शेणाचा वास येते म्हणे. ज्याइच्या मायचा जन्म गोवऱ्या थापण्यात गेला, त्याइले शेणाचा वास येते. एकजण इचारते, एकरी उत्पन्न किती? समतानं इंग्रजीत इचारलं, म्हातारीच्या पोरानं सांगतलं, इथी आम्ही गवतच पिकवतो, गायीसाठी. हसले सगळे. गवत पिकवते म्हणे येडे. म्हातारी आपली बादली घेऊन उभी होती, तिले समजलं आपल्यावर हसून राह्यले. ते काही भाषा लागत नाही समजाले.

अन् मंग गायी उतरल्या. तिथी असं आहे, उन्हाळाभर गायी वर डोंगरात चरते, अन् थंडी तोंडावर आली का वाजतगाजत खाली आणते. आम्ही रस्त्यावर उभे. पाहतो तं काय — डोक्याले फुलाइचे मुकुट, गळ्यात ह्या एवढाल्या घंट्या, आरसे, झुरमुळ्या, मांगं पोरं, मांगं बाया नटूनथटून. मले वाटलं पोळा! आता काय करू, पोळाच दिसे तो. पर्समधी कुंकू होतंच. मी गेली सरळ पुढं, पयल्या गायीच्या कपाळाले कुंकू लावलं, बाटलीतलं पाणी तिच्या पायावर टाकलं अन् पाया पडली. तं गाय थांबली. ते थांबली का मांगची थांबली, अन् मंग सगळी रांग थांबली, अन् घंट्या वाजाच्या बंद. एवढ्या मोठ्या दरीत एकदम चिडीचूप. समता पळत आली — ‘मंजुळाताई, मंजुळाताई, अख्खा रस्ता अडलाय!’ आमचे लोक व्हिडिओ काढून राह्यले, खिदळून राह्यले. अन् हे? हे बी खिदळले. सगळ्याइच्या आधी खिदळले. पण ते म्हातारी आली, तिनं गायीच्या मुकुटातलं एक फूल तोडलं अन् माह्या हातात देल्लं. तवापासून आमचं जमलं. तिची भाषा मले येत नाही, माही तिले येत नाही, पण जमलं.

म्हणून तं तिनं माती देल्ली. कशाची माती म्हणजे? घटाची. तुमाले काय सांगाव, गुलनार येते न दरसाल पाहाले — टोपलीत माती, मातीत घरातलं सगळं धान, वर पाण्याचं मडकं, अन् दसऱ्यापर्यंत जे धान जास्त टरारलं, त्याचं साल. तुमची अम्मी बी, अल्ला तिले जन्नत देवो, आमचा घट पाह्यल्याबिगर पेरा ठरवे नाही. सासूबाई अन् त्या दोघी अशा वाकून पाहत टोपलीत, अन् मी मांगं उभी, नवी नवरी. तं कंपनीनं टूर काढली बरोब्बर नवरात्रात. म्यां म्हटलं, घट मोडणार नाही. सासूबाई गेल्यापासून एकबी साल चुकलं नाही. गोपाल अन् सूनबाई पुण्याले, घराले कुलूप, घट कोण पाहीन? मंग म्यां घटच सोबत नेला. हसू नका. लहान टोपली, बोळकं, अन् कागदाच्या पुड्याइत धान — घरचे गहू, घरची ज्वारी, मूग, तीळ, जवस. विमानतळावर कोणी इचारलं नाही, म्यां बी सांगतलं नाही. हरभरा तेवढा नव्हता घरात. मंग गोदामात गेली. एक बॅग उंदरानं फाडली होती, तिच्यातला मूठभर घेतला.

म्हातारीले खुणेनं माती मांगतली. तिनं आपल्या वाफ्यातली आणून देल्ली, चाळून, खडे काढून. समता म्हणे, ‘ताई, रूममध्ये माती अलाउड नाहीये.’ म्यां म्हटलं, बाई, माती म्हातारीची, घर म्हातारीचं, तुहं काय चाललं? दिवा मातर लावू देल्ला नाही, धुरानं भोंगा वाजते म्हणे. बॅटरीचा लावला. देवीनं समजून घेतलं असन, ते बी आईच आहे. खिडकीखाली गरम पाण्याचे पाइप राहते तिथी भिंतीले, त्याच्यापाशी टोपली ठेवली. तिसऱ्या माळेले गव्हानं डोकं काढलं. मंग ज्वारी. मूग तं असा आला, हैदरभाऊ, असा आला, बोटभर! बाकीच्या बाया येऊन सेल्फी काढून गेल्या घटासोबत. मी रोज पाणी घालो अन् मनात म्हणो, परक्या मुलखात बी उगवते, माय, तुही कृपा.

अन् मंग वास याले लागला. आधी मले वाटलं ह्याइचे मोजे. मंग वाटलं, त्या चीजचा वास कपड्याइत बसला. सगळे कपडे हुंगले. शेवटी टोपलीपाशी नाक नेलं. बोटानं माती सारली — हरभरा. फुगलेला, चिकट. बोट लागलं का साल निंगून हातात ये, अन् आतून पांढरं पाणी. एक दाणा नाही, सगळाच. नासून गेला होता. अन् त्याच मातीत, त्याच पाण्यावर, बाजूले मूग उभा. आता तुम्ही म्हणाल, थंडी होती तिथी. हाव. म्यां बी तेच म्हटलं मनाशी, थंडीनंच झालं असन. कंपनीचं बियाणं आहे, असं कसं होईन. पण मले सांगा — हरभरा पीक कशाचं? थंडीचंच न! थंडीनं मरावी तं ज्वारी मरावी, मूग मरावा. हरभरा कसा मरन? — बसा न. उठता काऊन? ऐका तं खरं. नाही नाही, मी तुमच्या हरभऱ्याचं नाही म्हणून राह्यली. मी घटाचं सांगून राह्यली.

ह्याइले दाखवलं म्यां. वाटलं, हासतीन, काहीतरी बोलतीन. तं इचारते, कुठचा हरभरा हा? म्यां म्हटलं, आपल्याच गोदामातला, फाटक्या बॅगीतला. मंग हातातलं घड्याळ काढलं, टेबलावर ठेवलं, पुन्हा घातलं. अन् म्हणते, फेकून दे ते, अन् कोणाजवळ बोलू नको. म्यां म्हटलं, घटातलं फेकते का कोणी? दसऱ्याच्या आधी? तं ह्याइनं, हैदरभाऊ — ह्याइनं चहाचा चमचा घेतला, घटात घातला, सगळा हरभरा उकरून काढला, अन् नेऊन संडासात टाकून पाणी सोडलं. घटातलं धान. संडासात. मले तिथीच भडभडून ओकारी आली. बाकीचे टॉवेल चोरते, रस्त्यावर उभे राहते, त्याइची घिन येते ते वेगळी — बाजूले सरकून बसता येते. आपल्याच माणसाची आली का कुठी सरकाव? एकच पलंग होता.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली चादरी बदलाले. टोपलीत मधातच खड्डा पाह्यला तिनं. वाकली, एक दाणा राह्यला होता कडेले तो चिमटीत धरला, हुंगला, अन् असं नाक मुरडलं — मले सासूबाईच दिसल्या. डिट्टो. मी बी नाक मुरडलं. दोघीजणी नाक मुरडून उभ्या. खाली गेली अन् घेवड्यासारखं काहीतरी मूठभर घेऊन आली, अन् त्या खड्ड्यात टोचून देल्लं एक-एक. घटाचं तिले काय माहीत? पण जागा रिकामी ठेवू नाही, एवढं तिकडे बी असन. ते उगवलं, बरं का. उशिरा लावलं तरी निंघाच्या दिवशी माती फुटली होती.

अन् दसऱ्याच्या सांजेले आमचा सत्कार. मोठा हॉल, दिवे, सायबाचं भाषण — शेतकरी आमचा देव आहे, शेतकऱ्यासाठीच आम्ही — अन् समोर देवाच्या नावानं प्याले भरून राह्यले. मंग ज्यानं जास्त माल उचलला, त्याले त्याले वर बोलावलं. अन् काय देल्लं? ही. ही घंटी. हातात नाही देल्ली, हैदरभाऊ. गळ्यात बांधली. चामड्याचा पट्टा, मांगून बक्कल लावलं सायबानं. अन् म्हणते, गोकुळसेठ, चालून दाखवा, वाजली पाह्यजे! अन् हे चालले. स्टेजवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, घण घण घण घण. लोक टाळ्या वाजवून राह्यले, शिट्ट्या मारून राह्यले. ह्याइचं तोंड हासून राह्यलं होतं, पण मी ओळखते न ते तोंड. आदल्या राती हे गेलते सायबाच्या खोलीत, हरभऱ्याचं इचाराले. सायेब म्हणे, लॉट जुना असन तं जुना असन, गोकुळसेठ, तुम्ही उचलला न? आता तो तुमचा. टूर कशी वाटून राह्यली ते सांगा. — असं म्हणे. अन् दुसऱ्या दिवशी त्याच सायबाच्या हातानं घंटी बांधून घेतली. मले वाटलं, उठावं अन् ओरडावं, सोडा हो ते, बैल आहे का तुम्ही! नाही ओरडली. नवी पैठणी नेसली होती.

अरे देवा. हे तुमाले काऊन सांगतलं म्यां? हे नव्हतं सांगाचं. विसरून जा. टूरचं सांगता सांगता वाहून गेली मी. विसरा न, हैदरभाऊ. असं नका पाहू माह्याकडे.

नाही, पाहा. पाहा खुशाल. कारण तुम्ही आले अन् काय म्हटलं? ‘भाभी, चार बॅगा हरभरा द्या, घटात चांगला आला म्हणे.’ कोणं सांगतलं तुमाले घटात चांगला आला म्हणून? गुलनारनं. अन् गुलनारले? आम्ही आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी आली होती ते, लंगडत, माह्यासाठी शीरखुर्म्याचा डबा घेऊन, कवाची आठवण काढून राह्यली म्हणे. बसली, अन् पयलंच इचारलं — भाभी, घट नेला होता न सोबत, काय आलं औंदा? मी तोंड उघडणार, तं हे आतून, शर्टाच्या बटना लावत — ‘हरभरा! हरभरा असा टरारला, गुलनार, का इचारू नको. औंदा हरभऱ्याचंच साल आहे. सांग हैदरले.’ मी चहा गाळून राह्यली होती. चहा गाळत राह्यली. दुकान आहे, बियाण्याचं थोडं खालीवर बोलाच लागते, मले काय समजत नाही का? सगळेच बोलते. पण घटाचं? ज्या टोपलीत सासूबाई अन् तुमची अम्मी डोक्याले डोकं लावून पाहत, तिचं खोटं? अन् ते बी गुलनारले? जिले घट पाह्यल्यावर दरसाल दसऱ्याचं पयलं सोनं माह्या हातचं लागते, तिले? त्या दिवसापासून ह्याइच्या ताटात वाढतानी माहा हात पुढं होत नाही. वाढते, पण आंग आखडून. तिकडच्या लोकाइची नाही, डीलरची नाही, ह्या घरातलीच घिन आली मले. सांगू कोणाले?

मी बी म्हटलं, असन एखादी बॅग खराब, उंदरानं तोंड लावलेली होती. माणिकराव घेऊन गेले होते बॅगा, आम्ही आलो त्याच आठवड्यात, अन् लगेच पेरून बी टाकलं. तं परवा मी भाजी आणाले गेली अन् येतानी वाट वाकडी करून त्याइच्या वावरावरून आली. सगळं बराबर आहे — पेरणीचे तास सरळ, ओल चांगली, चाड्यावर बी सोडणारा माणूस हुशार. तासात काहीच नाही. कुठी कुठी एखादं रोप, बाकी नुसती माती. खाली बसली, बोटानं उकरलं. अन् वास आला. तोच. मी तिथीच बसून राह्यली बांधावर, पिशवीतली मेथी सुकून गेली.

आता सांगते, ऐका नीट. गोदामाची चाबी कुठी गेली नाही, हे पाहा, माह्या कमरेलेच आहे. हे येतीन, हे देतीन, असं म्हणत बसवून ठेवलं तुमाले, ते ह्याइची वाट पाहाले नाही. माहंच तोंड उघडत नव्हतं. तुम्ही उठा, सरळ खालच्या आळीले जा, सत्यभामाबाईच्या घरी. तिच्या कोठीत राखेत ठेवलेला घरचा हरभरा आहे, दरसालचा, तुमच्यापुरता निंघीन. मंजुळानं धाडलं म्हणा — नाही, माहं नाव नका घेऊ. म्हणा, असाच आलो. म्हणा, कंपनीचं नको वाटलं. काय? बाकीच्या लोकाइचं? बाकीचे बी येतीनच न, वाफसा सगळ्याइचाच आहे. रोज हे इथी बसते, मी कधी मधी. किती जणाइले टूर सांगत बसू मी? अन् माणिकरावले मी सांगीन. कसं सांगीन ते नका इचारू, मले बी माहीत नाही. पण तुम्ही गुलनारले एवढं सांगजा, का घटात मूग चांगला आला होता. मूग. अन् एक काहीतरी तिकडचं होतं, घेवड्यासारखं. हरभरा नाही. एवढं नक्की सांगजा तिले, हैदरभाऊ, बाकी नाही सांगतलं तरी चालन.

थांबा. मोटरसायकल. ह्याइचीच आहे, फुटका आवाज. बसून राहा तसेच. तोंड असं नका करू.

आले का? पाणी आणू? — कोणी नाही हो, हैदरभाऊ आहे. — बॅगा? कशाच्या बॅगा? नाही बाप्पा, हरभरा नको त्याइले. घंटी पाहाले आले होते, परदेशातली. — असे काऊन पाहून राह्यले माह्याकडे? घंटी पाहाले आले होते म्हटलं न. चाबी? चाबी नाही देत.

झाली न पाहून, हैदरभाऊ? मंग वाजवा एकदा. हाव, लावा हात. जोरानं वाजवा, समजू द्या गावाले. — अजून.

जा आता.